यमुनेचं शिकवलेलं रक्त

मद्रासला लोक देवळं बघायला जातात, समुद्र बघायला जातात, साड्या आणायला जातात. मी आणि माझी धाकटी बहीण शुभा गेलो ते एका सहा वर्षांच्या मुलीला भेटायला. २००८ च्या जानेवारीतली ही गोष्ट. परत आल्यावर मिरजेतल्या ओळखीच्यांनी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं.

शुभाला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. त्या रक्ताबरोबर लोहही अंगात जातं, आणि ते बाहेर पडायला वाट नसते. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं. ते काढायला पोटाच्या कातडीखाली बारीक सुई खुपसून एक छोटा पंप आठ-दहा तास लावून ठेवायचा, आठवड्यातून पाच-सहा दिवस. हे तिचं लहानपणापासूनचं आयुष्य. ती चोवीस वर्षांची आहे आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्या हाडांतली मज्जा तिला जुळली असती तर ती देऊन कदाचित सुटका झाली असती, पण ती जुळली नाही.

वर्षभरापूर्वी तिनेच मला एक कात्रण दाखवलं. परदेशात म्हणे रोग्याच्याच मज्जेतल्या रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्यात चुकलेल्या जनुकाची दुरुस्त प्रत घालतात आणि परत देतात. मग जुळणारा भाऊ नको, बहीण नको. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे वाचलं ते मला बऱ्यापैकी समजलं आणि त्याच्यापेक्षा जास्त आवडलं. पुढे चेन्नईला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात असलेला माझा वर्गमित्र दिलीप फोनवर म्हणाला, की त्याच्या घरमालकांच्या नातीवर युरोपात हाच उपचार झालाय. आजार वेगळा, पण पद्धत हीच. जानेवारीत ती आजी-आजोबांकडे येते, आणि ती इथे असताना तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या रक्ताच्या डॉक्टर चेन्नईतच आहेत. दिलीप संक्रांतीला गावी जाणार होता. त्याने खोल्यांची किल्ली मालकांकडे ठेवली आणि डॉक्टरांची वेळही घेऊन दिली. निघायच्या दोन दिवस आधी शुभाने रक्त चढवून घेतलं आणि आम्ही गाडीत बसलो.

वेस्ट मांबलम

गाडीतला वेळ वगळतो. चेन्नईत उतरल्यावर पहिली चूक माझीच झाली. रिक्षावाल्याला मी नुसतं ‘मांबलम स्टेशन’ म्हणालो. त्याने सोडलं ते रुळांच्या पलीकडच्या, बाजाराच्या अंगाला. पोंगल चार दिवसांवर आलेला. त्या गल्लीत भांडी, रेशीम, प्लास्टिकच्या बादल्या आणि माणसं अशी काही दाटली होती की पाऊल टाकायला जागा शोधावी लागे. दोन बॅगा घेऊन आम्ही पादचारी पुलावर चढलो. अर्ध्या जिन्यावर शुभा थांबली. कठड्याला धरून नुसती श्वास घेत उभी राहिली. ताजं रक्त चढवल्यावर इतकी धाप तिला कधी लागत नसे. प्रवासाचा शीण असेल, असं मी मनाला सांगितलं.

पूल उतरून वेस्ट मांबलमला आलं की गाव बदलतं. अरुंद रस्ते, दोन-तीन मजली घरं, फुलांची आणि पूजेच्या सामानाची लहान दुकानं, आणि प्रत्येक दारासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी. आपल्याकडे ठिपके जोडतात, इथे ठिपक्यांना वळसा घालून रेघ पुढे जाते आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. शुभा एका दारासमोर बराच वेळ ते बघत राहिली.

घरमालक वेंकोबाराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. कपाळावर बारीक उभी रेघ, कमरेला पांढरी वेष्टी, अंगात बनियन. त्यांच्या पत्नी कावेरीबाई. दोघंही तंजावरकडचे मराठी, त्यांच्या घराण्याला तिकडे जाऊन दीड-दोनशे वर्षं झालेली. मी सरळ इंग्रजीत सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या, “या, या. वाटेंत श्रम फार झाले असतील. आधीं कॉफी घ्या, मग बोलूं.”

शब्द जुन्या बखरीतले आणि चाल पूर्ण तमिळ, वाक्याचा शेवट वर चढणारा. मला पहिल्या दिवशी निम्मं समजलं, तिसऱ्या दिवशी सगळं समजायला लागलं, आणि मग आमचंच मराठी मला कोरडं वाटायला लागलं. जेवायला त्यांनी आंबटवरण वाढलं, म्हणजे आपण ज्याला सांबार म्हणू ते, आणि उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी. डांगर आमच्या मिरजेतही आई करते. दीडशे वर्षांपूर्वी निघालेलं डांगर त्या घरात तसंच टिकलं होतं, फक्त वरची फोडणी कढीपत्त्याची आणि मोहरीची झाली होती.

त्यांची नात यमुना जेवणानंतर स्वतःच वर दिलीपच्या खोल्यांत आली. सावळी, काटकुळी, समोरचा एक दात पडलेला. मी मनात काय चित्र रंगवलं होतं कोण जाणे, पण ही मुलगी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आली होती. तिने शुभाला नाव विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, “तुझं रक्त पण बिघडलंय?” शुभा हो म्हणाली.

“माझं बिघडलं होतं,” यमुना म्हणाली. “मग त्यांनी ते बाहेर काढलं, शिकवलं आणि परत आत घातलं.”

तिचं मराठी आजीचंच, त्यात तमिळ आणि तिकडच्या शाळेतली भाषा मिसळलेली. पण एवढं वाक्य तिने अगदी सरळ म्हटलं. बहुतेक तिच्या वडिलांनी तिला ते तसं शिकवलं असावं.

डॉक्टर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डॉक्टरांना पद्मिनी म्हणतो. पन्नाशीच्या, केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा, पायात साध्या चपला. परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं काढून त्या परत आल्या होत्या. मी इंग्रजीत बोलत होतो आणि त्या शुभाकडे बघत होत्या. मध्येच मला थांबवून त्यांनी तिलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती दिवसांनी रक्त, कुठली औषधं, पाळी नियमित आहे का. मग विचारलं, “पंप आठवड्यातून किती दिवस?”

“सहा,” शुभा म्हणाली.

डॉक्टरांनी आम्ही आणलेल्या रिपोर्टवर नजर टाकली. लोहाचा आकडा तिथे होता. त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मग मी माझी वही काढली. तिच्यात मी प्रश्न लिहून नेले होते. हा उपचार शुभाला मिळू शकेल का, कुठे जावं लागेल, कोणाला लिहावं. डॉक्टरांनी वही वाचली आणि कोऱ्या कागदावर एक लांब रेघ काढली. ही पेशीतली सूचनांची यादी समजा, त्या म्हणाल्या. दुरुस्त जनुक आत न्यायला वाहन लागतं, आणि ते वाहन म्हणजे एक विषाणू. त्याचं विष काढलेलं असतं, पण आत शिरून यादीत कुठेतरी जाऊन बसायची खोड तशीच असते. कुठे बसायचं ते मात्र आपल्या हातात नाही. बहुतेक वेळा तो निरुपद्रवी जागी बसतो. एखाद्या पेशीत तो नेमका वाढीच्या खटक्याशेजारी बसला, तर तो खटका चालूच राहतो. ती पेशी थांबतच नाही.

“आणि मग?” शुभाने विचारलं.

मग रक्ताचा कर्करोग. एका वेगळ्या आजाराच्या मुलांवर हा उपचार झाला होता. ती मुलं बरी झाली, घरी गेली, खेळायला लागली. सगळ्यांनी आनंद केला. आणि काही वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला.

माझ्या वहीत हे नव्हतं. खरं सांगायचं तर मी कुठेतरी दोन ओळी वाचल्या होत्या आणि त्यांच्यावरून पुढे सरकलो होतो.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं त्याने मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटला. हे लपवणं त्यांना अवघड नव्हतं. पण ज्यांनी उपचार केले त्यांनीच ते जगाला सांगितलं, काम थांबवलं, आईवडिलांना बोलावून समोर बसवलं आणि मग पेशीत नेमकं काय बिघडलं ते शोधून काढलं. त्या चुकीतून आता नवी, जास्त सुरक्षित वाहनं तयार होत होती. थॅलेसेमियासाठी तर कुठे आत्ता सुरुवात होत होती. यमुनेचा आजार वेगळा, तिच्या प्रकारच्या आजारात असं काही दिसलेलं नव्हतं.

“अजूनपर्यंत,” डॉक्टर म्हणाल्या. “हा शब्द मी दर वेळी लावते. म्हणून यमुनेचं रक्त आम्ही ती मोठी होईपर्यंत तपासणार, आणि त्याच्या नंतरही.”

मी विचारलं, त्यांची मुलगी असती तर त्यांनी काय केलं असतं. त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाल्या, “यमुनेसारखी असती तर केलं असतं, कारण दुसरी वाटच नव्हती. शुभासारखी असती तर आज पहिल्या रांगेत उभं केलं नसतं. रस्ता बरोबर आहे. पण अजून पक्का झालेला नाही.”

परतताना शुभा शेअर रिक्षात कडेला बसली होती. सात माणसं दाटीने भरलेली, त्यात एकाच्या मांडीवर उसाची मोळी. वर्षभर ज्या गोष्टीच्या आधारावर ती बोलत होती, हसत होती, ती गोष्ट बाजूला ठेवून ती मुक्कामापर्यंत दारांसमोरच्या रांगोळ्या बघत राहिली.

समुद्र

त्या संध्याकाळी वेंकोबारावांनी आम्हाला समुद्रावर नेलं. कावेरीबाईंनी यमुनेला टोपी, स्वेटर आणि घरची पाण्याची बाटली अशी सगळी शस्त्रं दिली. जानेवारीतल्या तिथल्या हवेत मला शर्टही नकोसा झाला होता, पण आसपासची निम्मी मद्रासी मंडळी कान बांधून फिरत होती.

तिकडचा समुद्र आपल्यासारखा सूर्य बुडवत नाही, तो सकाळी सूर्य वर काढतो. संध्याकाळी पाणी आधी करडं होतं, मग शाईसारखं, आणि पाठीमागे शहरावर लालसर उजेड राहतो. वाळूत उकडलेल्या वाटाण्याचं सुंदल विकत होते, वरून कैरीचे तुकडे आणि ओलं खोबरं. वेंकोबारावांनी विक्रेत्याला पातेलं उघडायला लावलं, वाफ पाहिली आणि मगच यमुनेला घेऊन दिलं. ती खात खात पळाली, पडली, उठली, पुन्हा पळाली.

वेंकोबाराव माझ्याशी बोलत होते. यमुना जन्मली तेव्हा तिच्या अंगात रोगाशी झुंजायला काहीच नव्हतं. साधा खोकला झाला की अतिदक्षता विभाग. मुलगा तिकडे इंजिनियर, तिथल्या डॉक्टरांनी त्याला हा उपाय सांगितला. त्याने सह्या केल्या. उपचार झाला. आणि काही महिन्यांनी दुसऱ्या आजाराच्या मुलांची ती बातमी आली.

“मुलाने मला फोन केला आणि बोललाच नाही,” वेंकोबाराव म्हणाले. “मी इकडे फोन धरून उभा, तो तिकडे. श्वास तेवढा ऐकूं येत होता. केलें नसतें तर ती दोन वर्षांचीही झाली नसती. केलें म्हणून सहा वर्षांची आहे. आणि केलें म्हणूनच ही भीती आहे. हें सगळें मला एकाच वेळीं ठाऊक असतें.”

मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, पण त्यांना ते नको होतं. ते नातीकडे बघत होते. तिने शुभाला वाळूत बसवून तिच्या पायांवर वाळूचा ढीग रचायला घेतला होता.

भोगी

तमिळ भोगीला पहाटे घरातल्या जुन्या वस्तू जाळतात. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगांची भाजी असते. इथे चटया, केरसुण्या, फाटकी पुस्तकं, आणि हल्ली काही ठिकाणी टायरसुद्धा. उजाडता उजाडता मांबलमवर असा धूर बसला की समोरचं घर दिसेना. लहान मुलं ढोलकं वाजवत होती. मी गच्चीत उभा राहून ते बघत होतो, तोच खालून कावेरीबाईंची हाक आली. खिडक्यांना ओली फडकी लावून त्यांनी घर बंद केलं होतं.

यमुनेला ताप होता. ताप लहान मुलांना येतोच. पण आजीने अंग पुसायला फ्रॉक वर केला तेव्हा नडग्यांवर आणि मांडीवर काळेनिळे डाग दिसले, पाच-सहा. ताप आणि अंगावर निळे डाग, म्हणजे काय असू शकतं, ते त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. वेंकोबारावांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता घेऊन या.

मी टॅक्सी शोधायला गेलो. परत येतो तर शुभा चपला घालून तयार. मी म्हटलं, एवढ्या धुरात तू नको. ती म्हणाली, “दादा, मी जाणार आहे.” पुढे बोलण्यासारखं काही तिने ठेवलं नाही. कावेरीबाई देवापाशी बसून राहिल्या.

रुग्णालयात यमुनेने सुई पाहिली आणि हात पाठीमागे घेतला. नेहमी ती शहाण्यासारखी हात पुढे करते, असं आजोबा सांगत होते, पण त्या दिवशी मोठ्यांचे चेहरे पाहून तिला काहीतरी कळलं असावं. नर्स तमिळमध्ये समजावत होती, आजोबा विनवत होते. शुभाने तिच्याजवळ बसून स्वतःची बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला चोवीस वर्षांच्या सुयांनी कातडी जाड आणि खरबरीत झालेली. तिने यमुनेचं बोट त्याच्यावरून फिरवलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने यमुनेने हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने शुभाचं मनगट धरून ठेवलं.

मग थांबणं. मी आयुष्यात पुष्कळ रिपोर्टांची वाट पाहिली आहे, पण ती आमच्या घरातली, आकडा किती वाढला, किती कमी झाला एवढीच. ही वाट वेगळी होती. वेंकोबाराव ताठ बसले होते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. यमुना शुभाच्या मांडीवर झोपली. समोर भिंतीवर एका देवाचं कॅलेंडर होतं आणि त्याच्यावरचे तमिळ आकडे-अक्षरं मी उगीचच जुळवत बसलो.

तासाभराने डॉक्टर पद्मिनी स्वतः बाहेर आल्या. कोणाला पाठवलं नाही. दारातूनच त्यांनी वेंकोबारावांकडे पाहून मान हलवली आणि मग जवळ येऊन सांगितलं. रक्त चांगलं होतं, प्रत्येक प्रकारच्या पेशी जितक्या हव्यात तितक्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी स्वतः पाहिलं होतं. साधा विषाणूचा ताप. डागांबद्दल त्यांनी यमुनेला उठवून विचारलं, तर तिने कबूल केलं. शेजारच्या मुलींबरोबर गच्चीवर लंगडीचा खेळ चालला होता, त्यात ती चार-पाच वेळा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर आपटली होती. आजी खेळ बंद करेल म्हणून सांगितलं नव्हतं.

वेंकोबाराव हसले नाहीत की रडले नाहीत. उठून उभे राहिले, डॉक्टरांना हात जोडले, आणि विचारलं की घरी फोन कुठून करता येईल.

ते फोनकडे गेले तेव्हा डॉक्टर आत वळल्या. शुभा यमुनेला माझ्याजवळ देऊन त्यांच्या मागे गेली. दार उघडंच राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

“डॉक्टर, सहा नाही,” ती म्हणाली. “दोन दिवस. कधीकधी आठवडाभर एकदाही नाही.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं. मला वाटलं, आता नवीन उपचार येणारच आहे. मग कशाला स्वतःला टोचून घ्यायचं.”

मी बाहेर यमुनेला धरून उभा होतो. एकाच घरात राहून, रिपोर्टमधला आकडा वाढत असताना, मला हे दिसलं नव्हतं. पुलावर तिला लागलेली धाप मी प्रवासाच्या नावावर खपवली होती. आणि ते कात्रण तिला एकेक ओळ समजावून सांगणारा, ‘आता फार दिवस नाहीत’ म्हणणारा मीच होतो.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, रिपोर्ट पाहिला तेव्हाच त्यांना कळलं होतं, पण ते तिने स्वतःहून सांगावं म्हणून त्या थांबल्या होत्या. मग त्या जे म्हणाल्या ते मी आठवतंय तसं लिहितो. “तो उपचार येईल. पाच वर्षांनी येईल, दहा वर्षांनी येईल, मला माहीत नाही. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला चांगलं यकृत आणि चांगलं हृदय लागेल. ती दोन्ही मी कुठून आणणार? ती तूच आणायचीस.”

त्याच दिवशी त्यांनी शुभाच्या हृदयाची तपासणी करून घेतली. हृदयावर परिणाम सुरू झाला होता, पण परतीची वाट बंद झालेली नव्हती. पंप रोज, जोडीला लोह काढणाऱ्या गोळ्या, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट त्यांना कळवायचा. मिरजेच्या आमच्या डॉक्टरांना त्यांनी स्वतः दोन पानी पत्र लिहिलं.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कावेरीबाईंनी सकाळपासून चूल पेटवली नव्हती. यमुनेला दारात पाहिल्यावर त्यांनी तिचे पाय धुतले, डाग एकेक करून पाहिले आणि म्हणाल्या, “उद्यांपासून खेळ. पण पडलीस तर सांग, कण्णा. न सांगतां पडूं नकोस.”

पोंगल

दुसऱ्या दिवशी अंगणात नव्या मडक्यात तांदूळ, मूगडाळ आणि गूळ शिजत होता. दूध उतू गेलं की सगळे एकसुरात ‘पोंगलो पोंगल’ म्हणतात. आपण दूध उतू गेलं की धावतो, इथे ते उतू जावं म्हणून मडक्याभोवती उभे राहतात. मडक्याच्या गळ्यात हळदीचं ओलं रोप बांधलेलं, दोन बाजूंना उभे ऊस. कावेरीबाईंनी एका वाटीत तिळगूळही केला होता. त्यांच्या आजेसासूपासून करतात, का ते त्यांना माहीत नव्हतं. आम्ही त्यांना ‘गोड बोला’ म्हणायला शिकवलं आणि त्यांना फार मौज वाटली.

यमुनेचा ताप उतरला होता. मडक्यातला तो गोड पोंगल खाताना तिने शुभाला विचारलं, “तुझं रक्त कधी शिकवणार?”

शुभा म्हणाली, “अजून नाही. आधी डॉक्टर तुझ्याकडून शिकतायत. तुझं रक्त दर वेळी तपासतात ना, ते फक्त तुझ्यासाठी नाही. ते कसं वागतं ते बघूनच माझ्यासारख्यांचं ठरणार.”

यमुनेने घास गिळला आणि विचार केला. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं बहुतेक. कारण तिने आजोबांकडे पाहिलं, आणि त्यांनी मान डोलावली.

“मग मी काल हात लपवला ते चुकलं,” ती म्हणाली.

“चालतं,” शुभा म्हणाली. “मी तर वर्षभर लपवला.”

संध्याकाळी आम्ही निघालो. कावेरीबाईंनी शुभाच्या केसांत स्वतः गजरा माळला आणि डांगराच्या पिठाची पुडी दिली. वेंकोबाराव रिक्षापर्यंत आले. त्यांच्याकडेही निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘जाऊन येतों’ म्हणतात. ते शुभाला म्हणाले, “सेरी, बरें, जाऊन या. आणि तुमचे रिपोर्ट आम्हांसही कळवा. आमचे तुम्हांस कळवूं.”

मिरज

आई दारात उभी होती. रिक्षातून बॅगा उतरवायच्या आधीच तिने विचारलं, “झालं का काही?”

मी वाक्य जुळवत होतो. गाडीत दोन-तीन तयार केली होती, हळूहळू सांगता येतील अशी. शुभाने मला वेळ दिला नाही.

“झालं,” ती म्हणाली. “थांबायचं ठरलं.”

आईचा चेहरा पडला. शुभाने हातपाय धुतले, बॅगेतून पंप काढला, औषध पाण्यात विरघळवून नळीत भरलं. आजवर हे काम ती तिच्या खोलीत दार लावून करायची, वर्षभर तर दार लावून बहुतेक दिवस काहीच करत नव्हती. त्या दिवशी भर दुपारी, स्वयंपाकघरात आईसमोर, तिने पोटाला सुई लावली, पंप कमरेला अडकवला आणि पाटावर बसून म्हणाली, “वाढ आता. भूक लागलीय.”